सर्चवाला साहेब

भिगवणला हायवेवर एका काकांचं मासळीचं हॉटेल आहे. त्याची वेबसाइट मी बनवली, तेव्हापासून बारामतीच्या बाजाराला आले की ते माझ्या ऑफिसात डोकावतात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, माझ्या स्क्रीनवर तेलकट बोट टेकवतात आणि म्हणतात, "ताई, मोबाईलवर हुडकलं तर आपलं हॉटेल गावतच न्हाय."

"काका, सर्चमध्ये नोंद केलीय. दिसायला थोडे दिवस लागतात."

"नोंद तर उसाचीबी आसती. पण कारखान्याच्या साहेबाला भेटल्याबिगर तोडणीची टोळी येती व्हय? ह्या सर्चचा साहेब कोण?"

असा साहेब नसतो, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला ते तळलेल्या चिलापी माशांचा डबा ठेवून गेले. "साहेबाला पोचवा." डब्यातून असा वास सुटला होता, की साहेब नसतो हे पुन्हा सांगायचं मी विसरलेच.

आठवड्याभरात हॉटेल सर्चमध्ये दिसायला लागलं. आपलं आपणच; पण दुसऱ्या पानावर.

"बघा, चिलापी लागू पडली!" ते खूश झाले. "आता पैल्या पानाला काय लागंल?"

मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "चिलापीवर नाही भागायचं, काका. मरळ लागेल." आणि डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून घरची शेंगदाण्याची चटणी भरून परत दिला.

परवा मरळ आली. डबा टेबलावर ठेवून त्यांनी टोपी घातली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेबाला सांगा, चटणी झकास व्हती. फकस्त लसूण जरा कमी घालत जा म्हणावं."