दादांचं वाचन गेलं तेव्हा

डॉक्टरांनी दादांच्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, "तुमचं नाव आणि गाव लिहा." दादांनी लिहिलं. नाव, खाली पिंपरी पेंढार, त्याखाली तालुका जुन्नर. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. डॉक्टरांनी कागद उचलला, पुन्हा त्यांच्यासमोर धरला. "आता वाचा."

दादा, माझे वडील, कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुणी लिवलंय, डॉक्टर?"

"आवो, तुमीच की आत्ता," आई म्हणाली.

या आजाराचं नाव 'अलेक्सिया विदाउट अग्राफिया'. लिहिता येतं, वाचता येत नाही. दादांना इस्केमिक स्ट्रोक झाला होता, म्हणजे रक्ताच्या गुठळीनं मेंदूच्या मागच्या भागाची नस बंद झाली होती. डोळ्याला अक्षर दिसतं, पण अक्षर ओळखणाऱ्या भागापर्यंत ते पोचत नाही. सोबत हेमिअनोपिया, म्हणजे उजव्या बाजूचं दिसत नाही. "डोळे शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले, "वाचन गेलंय."

सुरुवात त्याच दिवशी सकाळी झाली होती. दादांनी पेपर उघडला आणि म्हणाले, "आज कानडी पेपर टाकला काय रं त्यानं?" आम्ही हसलो. उठून निघाले तर उजवा खांदा चौकटीवर आदळला. तरी आम्ही त्यांना नेलं कुठं, तर आळेफाट्याला चष्म्याच्या दुकानात! तिथून दवाखाना, तिथून स्कॅन, आणि दिवस कलताना पुणे.

म्हणून बाकी सगळं नंतर, आधी हे ऐका. स्ट्रोक म्हणजे फक्त वाकडं तोंड आणि लुळा हात नव्हे. माणसाला अचानक वाचता येईना, अर्धं दिसेना, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. आमची ती वेळ हुकली.

वॉर्डात भेटायला येणाऱ्यांनी माझं डोकं फिरवलं. बेल्ह्याचा मामा म्हणाला, "नशीब समज पोरी. हात-पाय धड, जीभ धड. वाचून काय दिवे लावायचेत आता?"

"मामा, उद्या तुमचे पाय गेले आणि मी म्हणाले, वाचता तर येतंय की, तर चालंल का?"

"लई चुरूचुरू बोलती ही," मामा आईला म्हणाला.

घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या खिडकीतल्या माणसानं कागद पुढे सारले. "काका, इथं सही." दादांनी केलीसुद्धा! मी कागद ओढून घेतले. "त्यांना वाचता येत नाही." तो म्हणाला, "सही तर झकास येतीय." हीच आपली सगळी व्यवस्था. माणसाची सही मिळाली की तिचं काम झालं. त्याला काय कळलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

वाचन गेलं म्हणजे काय गेलं, हे मामाला कसं कळणार? दादांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. जुन्नरच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे, त्यांना जुन्या ट्यूबची पट्टी बांधून ठेवायचे. पानोपानी काळे अंगठे उमटलेले. ग्रंथपाल करवादायचे, "पाहुणं, पुस्तक वाचता का टायरखाली घालता?" शाळा सुटली की मी टायरच्या थप्पीवर जाऊन बसायची आणि दादा मोठ्यानं वाचायचे. नायिका विहिरीच्या काठावर उभी असायची आणि नेमका ट्रक यायचा. दादा पुस्तक पालथं घालून जॅक घेऊन जायचे. त्या काळात मी ट्रकवाल्यांचा जितका राग राग केला, तितका पुढे कुठल्याही मंत्र्याचा केला नाही. अजून कुठे पंक्चर चिकटवायच्या रबर सोल्युशनचा वास आला, की मला ती विहीर दिसते.

पुढे मी चळवळीत पडले. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्या सुरू करा, पोरींची कॉलेजं सुटतायत, यासाठी मी पत्रकं लिहिते आणि बाजारात वाटते. दिवसभर मोबाईलवर सरकारी आदेश, बातम्या, मेसेज. कादंबरी कधी सुटली ते आठवत नाही.

मंचरला आम्हाला एक स्पीच थेरपिस्ट भेटल्या. बोलण्या-वाचण्याचं नुकसान झालेल्यांना त्या शिकवतात. त्यांनी दादांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळहातावर बोटानं 'म' काढला. दादा लगेच म्हणाले, "म." डोळे उघडून कागदावरचा 'म' मात्र ओळखता येईना. "डोळ्याचा रस्ता बंद आहे, बोटाचा चालू आहे," त्या म्हणाल्या. "छापलेलं अक्षर बोटानं गिरवा. आणि ताई, तोवर तुम्ही त्यांना वाचून दाखवा."

मी नव्या कादंबऱ्या आणल्या आणि वाचायला बसले. चार पानांत माझा हात मोबाईलकडे गेला. सवय दोघांचीही मोडली होती. त्यांना निदान स्ट्रोकचं कारण होतं.

पहिल्या कादंबरीची नायिका स्वतःला शोधायला परदेशात जाते. दादांनी थोडं ऐकलं आणि विचारलं, "पण ती हरवली कुठं व्हती?" भाषा गुळगुळीत, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सुविचार. आम्ही ती सोडली.

दुसरी गावाकडची. अन्याय, मोर्चा, लाठीमार. मला भयंकर आवडली. मी मधेमधे थांबून "बघा, हेच तर आम्ही म्हणतोय" असं सांगायची. शेवटी दादा वैतागले. "पोरी, तू वाचतीस का सभा घेतीस? आन् हे तुझं पत्रकच हाय. नुसतं जाडजूड." मी दिवसभर फुगून बसले. मग तीच पानं पुन्हा चाळली. त्यात गरीब माणूस एकदाही खोटं बोलत नव्हता, कुणाची चेष्टा करत नव्हता, चिडून बायकोवर ओरडत नव्हता. असा माणूस मी बाजारात एकही पाहिलेला नाही.

तिसऱ्या कादंबरीत दोन भावांचं सायकलचं दुकान वाटलं जातं. थोरला बोलणं टाकतो. मधे भिंत येते. बस्स. मला जांभया यायला लागल्या. दादा मात्र मान खाली घालून ऐकत होते. भिंत बांधायच्या दिवशी धाकटा गवंड्याला पाणी नेऊन देतो, तिथं म्हणाले, "हे परत वाच." वाचलं. "अजून एकदा." आणि मग, "ठेव आता. फुडलं मी बघतो."

मांडीवर पुस्तक, खाली बोट. एकेक काना, एकेक वेलांटी. जेवणवेळेपर्यंत एक परिच्छेद. कधी चिडून पुस्तक भिरकावायचे, आई उचलून आणून द्यायची. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "पहिल्यासारखा वेग येणार नाही." दादा म्हणाले, "मंग बरंय. पुस्तकं पुरत नव्हती, आता पुरतील." डॉक्टरसुद्धा हसले.

मंचरच्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. औषध चालू आहे, बीपी ताब्यात आहे. मी रोज सकाळी मोबाईल आईकडे देते आणि दुसरं एखादं पुस्तक वाचायला बसते. त्यातून पत्रकासाठी काही मिळेलच, असं नाही.

कित्येक महिन्यांनी, परवा, दादांनी ती भावांची कादंबरी मिटली. मी विचारलं, "झाली? थोरला बोलतो का शेवटी?"

"जांभया देत व्हतीस ना? आता वाच तुझी तू," म्हणाले आणि पुस्तक पुढे केलं.

आमच्या घरात त्या गोष्टीचा शेवट एकट्या दादांना माहीत होता. आणि तो त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता.