आईच्या गालावरचा डाग

माझा मामा फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचा. बारीक ब्रश आणि टोकदार पेन्सिल घेऊन लोकांच्या चेहऱ्यावरचे वांग, पुटकुळ्या, सुरकुत्या घालवायचा. "मामाच्या तावडीत सापडलेला माणूस फोटोत तरी देखणा होतो," असं आम्ही भाचरं चिडवायचो, आणि तो खूश व्हायचा. लग्न केलं नाही, कुणात फारसा मिसळलाही नाही. जन्म गेला परक्यांची तोंडं न्याहाळण्यात.

आजीचा एकच फोटो होता. ती गेली तेव्हा मामा नुकताच हे काम शिकला होता. गिऱ्हाइकाच्या फोटोची आधी कॉपी काढायची, मगच हात लावायचा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. पण घरचंच तर काम, कशाला हवी कॉपी, म्हणून पठ्ठ्यानं मूळ फोटोवरच रंग चढवला! तिच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता, तो गायब केला. मग त्या फोटोचे मोठे प्रिंट काढून भावंडांना वाटले. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं.

पुढे स्टुडिओ बंद पडला. भावंडं एकेक करून गेली. उरले मामा आणि माझी आई.

मागच्या आठवड्यात तो न कळवता आमच्याकडे आला. बगलेत तो फोटो, जिने चढून धाप लागलेली.

"ताई, आईचा डाग परत रंगवायचाय. मरायच्या आधी तिला एकदा होती तशी बघायचीय. पण गाल कुठला, ते काही केल्या आठवेना. डावा की उजवा?"

आईनं चष्मा पुसून फोटो पाहिला. "कसला डाग?"

"अगं, भाजल्याचा. डोळ्याखालून पार हनुवटीपर्यंत होता."

"काहीतरीच तुझं! आईचा चेहरा कसा नितळ होता. हा काय, समोर दिसतोय ना!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वय झालं गं याचं."

मला असा राग आला! म्हटलं, "आई, जरा आठवून तरी बघ." पण ती थोडीच खोटं बोलत होती? इतकी वर्षं भिंतीवर तोच फोटो बघितलेला. तिला तेवढीच आई आठवत होती. मामा "असेल, असेल" म्हणत चहा न घेताच उठला.

मी त्याला घरी सोडायला गेले. एक खोली, एक कॉट, खिडकीशी टेबल. बसल्या बसल्या त्यानं ब्रश ओला केला. एका गालापाशी नेला, थांबला, दुसऱ्या गालापाशी नेला. मला ते बघवेना.

"मामा, रंगव डावीकडे. कुणाला कळणारे?"

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"कुणालाच नाही गं," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.