गाडी डावीकडे ओढते

चादरीची पहिली घडी झाली होती. एक टोक बायकोच्या हातात, दुसरं ओळंब्यांच्या. आता दोघांनी चालत जवळ यायचं, एवढंच राहिलं होतं. पण ओळंबे जागचे हलेनात. किनारीला किनार जुळत नव्हती.

"अहो, अंथरायची चादर आहे ती," बायको म्हणाली. "तिच्यावरून गाडी न्यायची नाहीये."

ओळंबे हे त्यांचं आडनाव नव्हे. गवंडी भिंतीचा सरळपणा बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्या ओळंब्यावरून गाड्यांच्या कारखान्यातल्या कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं, की लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्याच नावानं यायच्या. चाकं सरळ करणं हा त्यांचा धंदा आणि तोच त्यांचा स्वभाव. पाहुणे म्हणून गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर नीट करणार, मग बसणार. गाडीचं चाक आत वळलंय की बाहेर, हे ते समोर उकिडवं बसून नुसत्या नजरेनं सांगत, आणि चाकांचा कल मोजणाऱ्या मशीनला मागाहून विचारत.

फोन वाजला. मेहुणा होता.

"दाजी, पुन्हा ओढतेय. डावीकडेच."

"सगळीकडे, का ब्रेकलाच?"

"ब्रेकलाच. लांबचा सरळ पट्टा संपतो ना, तिथं दाबला की कुणी कानाला धरून न्यावं तशी नेते. आज भिंत जरा जास्तच जवळून बघितली."

तो हसला. ओळंब्यांच्या हातातून चादरीचं टोक सुटलं. त्या पट्ट्याच्या शेवटी उजवीकडे वळण होतं, आणि डावीकडे जुन्या टायरांची रास आणि तिच्यामागे सिमेंटची भिंत. रविवारी शर्यत होती.

"जातो," ते म्हणाले.

"काय झालं? त्याला काही झालं का?"

"त्याला काय व्हायचंय. गाडीचं आहे."

हा मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा बहिणीच्या पाठोपाठ तोही या घरात आला. ताईनं त्याला न्हाऊमाखू घातलं, दाजींनी कारखान्याच्या आवारात गाडी शिकवली. अजूनही ओळंबे त्याला 'धाकटे सरकार' म्हणत. तो एका मालकांची स्पोर्ट्स कार ट्रॅकवर चालवायचा. गाडी त्याची नव्हती, पण जीव होता तो सगळा त्या गाडीवरच.

गाडी डावीकडे ओढते ही तक्रार महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा आली. ओळंब्यांची एक रीत होती. दोष कुठं आहे कळत नसेल, तर वस्तूंची जागा बदलायची. शेगडीच्या दोन चुलींपैकी एक नीट पेटत नसली, की आपण बर्नर इकडचा तिकडे करून बघतो, तसंच. त्यांनी पुढचे टायर डावे-उजवे बदलले. दोष टायरात असता, तर ओढ उजवीकडे गेली असती. गेली नाही. मग ब्रेक उघडले, दोन्हीकडे सारखेच. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारे दांडे हलवून पाहिले. पातेल्याचा कान सैल झाला की हाताला लगेच कळतं, तसं काही लागलं नाही. सांध्यांमधले रबरी बुश नवे घातले, कारण फाटलेलं रबर गाडी उभी असताना सोवळं असतं आणि ब्रेक दाबला की चाकाला हवं तिथं जाऊ देतं. ओढ डावीकडेच. त्यांनी स्वतः गाडी रस्त्यावर चालवली, तर ती अगदी सुतासारखी सरळ. पण रस्त्यावरचा वेग तो काय, आणि ट्रॅकवर तसली गाडी हाकणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरव्या पट्ट्यात. मशीन म्हणतं सरळ, धाकटा म्हणतो वाकडी. अशा वेळी कुणाचं खरं धरायचं, हे ओळंब्यांचं आयुष्यभर ठरलेलं होतं. गाडीत बसलेल्या माणसाचं अंग खोटं बोलत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. म्हणून त्यांनी उजव्या चाकाचा कल केसभर बदलला, गाडीनं आपणहून जरा उजवीकडे झुकावं इतपत. धाकटा खूश झाला. आठवड्यानं पुन्हा कुरबुर. पुन्हा केसभर. करता करता आकडा हिरव्या पट्ट्याच्या काठावर येऊन बसला होता. गाडी दर वेळी ट्रेलरवर चढून थेट ट्रॅकवर जाई, त्यामुळे नंतर ती हाताला कशी लागते हे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

ते ट्रॅकवर पोचले, तर गाडी फिरायला गेलेली आणि धाकटा शेडमध्ये खुर्चीवर. मालकांची लेक ती चालवत घेऊन गेली होती. तिला शिकायचं होतं. मालक स्वतः आज आले नव्हते. थोड्या वेळानं गाडी शेडमध्ये आली. मुलीनं हेल्मेट काढलं. चेहरा उतरला होता.

"काका, ही ओढतेय."

"तेच बघायला आलोय. डावीकडे ना?"

"छे, उजवीकडे. ब्रेक दाबला की फारच."

धाकटा मोठ्यानं हसला. "घ्या. हिला डावं-उजवंच कळत नाही आणि निघाली शर्यतीला."

"मला कळतं," मुलगी म्हणाली. "ज्या हातानं तुला थप्पड मारीन, तो उजवा."

ओळंबे हसले नाहीत.  टायर बदलून झाले, ब्रेक झाले, रबर झालं. एकच गोष्ट त्यांनी ट्रॅकवर आजवर बदलून पाहिली नव्हती, चालवणारा माणूस, आणि ती आज आपोआप बदलली गेली होती.

"चल," ते धाकट्याला म्हणाले. "मी शेजारी बसतो."

"दाजी, तुम्ही? मागच्या वेळी उतरल्यावर तासभर बोलला नव्हतात."

"आजही नाही बोलणार. चल."

गाडी सुटली. ओळंब्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि रस्त्याकडे पाहिलंच नाही. धाकट्याच्या हातांकडे पाहिलं. लांबचा पट्टा आला, संपत आला, त्यानं ब्रेक दाबला. सगळं अंग पुढे फेकलं गेलं, आणि त्या क्षणी त्याचा डावा हात स्टिअरिंग घट्ट आवळून बसला आणि उजव्या हाताची बोटं उघडली. त्यानं उघडली नाहीत. ती उघडली. डाव्यानं स्टिअरिंग ओढून घेतलं, भिंत समोर आली. उजवा पंजा कसाबसा पुन्हा स्टिअरिंगवर बसला आणि गाडी वळणात शिरली.

"बघितलंत? ओढते की नाही?"

"बघितलं."

शेडच्या मागे, मुलीच्या नजरेआड, त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. "दाब."

"काय पोरखेळ आहे दाजी."

"दाब म्हणतो ना. दोन्ही हातांनी, सारखंच."

धाकट्याच्या डाव्या हाताखाली त्यांची बोटं कळवळली. त्याच्या उजव्या हाताचं दाबणं मात्र एखादं ओलं फडकं कुणीतरी हातात आणून ठेवावं, तसं वाटलं. अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांस असायला हवं, तिथं खळगा पडला होता. एवढे दिवस ते चाकाकडे बघत होते. या हाताकडे बघायचं सुचलं नव्हतं.

"झोपेत अंगाखाली आला असेल," धाकटा म्हणाला.

"किती दिवस झोपतोयस असा?"

धाकट्यानं हात मागे घेतला. मग म्हणाला, "शर्टाची बटणं डाव्या हातानंच लावतो हल्ली. ताईला सांगू नका. रविवार जाऊ दे. तोवर अजून केसभर उजवीकडे करा, मी सांभाळून नेतो."

"मशीनवर पुढे लाल पट्टा आहे."

"मग लाल तर लाल. तुम्ही केलंत की ती सरळ जाते, दाजी. आजवर गेलीय ना?"

ओळंबे गाडीकडे वळले. अजून वाकडी केली, तर उद्या मालकांची लेक उजवीकडच्या कुंपणात जाईल. सरळ केली, तर हा डावीकडच्या भिंतीत. आपण महिनाभर गाडी दुरुस्त करत नव्हतो, या पोराचं दुखणं तिच्यात लपवून ठेवत होतो. हात वेळेवर डॉक्टरांना दाखवला असता तर काय झालं असतं, तेही त्यांना माहीत नव्हतं. चाकाचं त्यांना कळत होतं, नसांचं काही कळत नव्हतं.

त्यांनी जॅक लावला. पहिल्यांदा कल बदलला, तेव्हा मूळ जागेवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली होती. तिथवर सगळं मागे आणलं. धाकटा टायरांच्या चवडीवर बसून बघत होता.

"सरळ केलीत?"

"केली."

"म्हणजे ती आता मला भिंतीवरच घालणार."

"तू बसलास तर."

"मी बसणार," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून बसला. ओळंबे शेजारी जाऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण कुठल्या खांद्यावर, हेच ठरेना.

घरी बायको दारातच होती. "सापडला का दोष?"

"सापडला."

"मग झालं तर. नीट करून टाका."

"माझ्याच्यानं होण्यातला नाही."

त्यांनी सांगितलं. सांगताना दोनदा गाडीबद्दलच बोलायला लागले आणि दोनदा तिनं त्यांना हातावर आणलं. ऐकून झाल्यावर ती रडली नाही. आत जाऊन देवासमोर उभी राहिली. रोज तिचं मागणं ठरलेलं असे आणि त्यात धाकट्याचं नाव सगळ्यांच्या आधी. आज काय मागावं हे तिला सुचेना. नुसते हात जोडलेले. थोड्या वेळानं तशीच बाहेर आली.

"तो ऐकेल?"

"नाही. माझं ऐकलं नाही, तुझंही ऐकणार नाही. आणि तो नाही बसला तरी हात काही परत येणार नाही. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील."

"गाडी कुणाची आहे?"

"मालकांची."

"मग त्यांना सांगा. त्यांनी किल्ली दिली नाही तर कशावर बसेल?"

"जन्मात माझं तोंड बघणार नाही तो. त्याला दुसरं आहे काय?"

"न बघू दे," ती म्हणाली.  "बघायचं नाही म्हणायला तरी तो असायला हवा."

ओळंब्यांनी हात धुतले. नखांतलं ग्रीस निघेना, ते तसंच राहू दिलं. सदरा बदलला. आता मालकांच्या घरी जाऊन, रविवारी धाकट्याला गाडीची किल्ली देऊ नका, एवढं सांगून यायचं होतं.