पडलेल्या विमानांचे पंचनामे

ईशान आणि मही, तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतकी विमानं नाशिकमध्ये दुसऱ्या कोणी पाडली नसतील. त्यात एकाही माणसाला खरचटलं नाही, कारण ती सगळी संगणकाच्या आत पडली. परवा फोनवर ईशान म्हणाला, "आजी, आम्ही शाळेत कॉम्प्युटरवर विमान डिझाइन करतो. नवीन सब्जेक्ट आहे, तुला नाही कळणार." म्हणून हे लिहायला बसले. मला कळतं. अशा बऱ्याच अपघातांची मी अधिकृत साक्षीदार आहे.

मी त्यांना भावजी म्हणत असे. विमानाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले, तेही फक्त दाराच्या बिजागरीचे. अख्खं विमान त्यांच्या टेबलावर कधी आलंच नाही. निवृत्त झाल्यावर, मी नाशिकरोडच्या ज्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तिथे, त्यांनी शनिवारी दुपारी नववीतल्या चार मुलांचा वर्ग सुरू केला. कोणाच्या तरी भाच्याने परदेशातून आणलेल्या सीडीवर विमान बांधायचा प्रोग्रॅम होता. विमान कशासाठी हवं ते मुलांनी आधी एका ओळीत लिहायचं, मग कागदावर आखायचं, संगणकावर बांधायचं, उडवायचं, आणि पडलं की का पडलं ते शोधून पुन्हा आखायला बसायचं. पहिल्या वर्षी सगळा वेळ शेवटच्या दोन कामांतच गेला.

प्रत्येक अपघाताचा रीतसर पंचनामा होई. भावजींच्या मते पंच पाचच हवेत. मुलं चार, म्हणून शेजारच्या वर्गातून मला बोलावणं येई. घरी मला वहिनी म्हणणारे भावजी शाळेत दारात उभे राहून म्हणत, "बाई, जरा येता का? पडलंय." जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, असा नियम होता. "विमान बहुतेक घाबरले असावे" हे वाक्य त्यांनी खोडायला लावलं. सही झाली की दहा मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही, नुसता विचार करायचा. याला ते सुतक म्हणत. चौघांपैकी एकाचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. तो म्हणाला, "सर, सुतक दहा दिवसांचं असतं." भावजी म्हणाले, "यंत्राला दहा मिनिटं पुरतात."

उड्डाणाआधी ते खिडकीत जाऊन एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर कुठल्या बाजूला चाललाय ते पाहत. संगणकातल्या विमानाला बाहेरच्या वाऱ्याचं काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बाई, सवय चांगली असली की ती कुठेही लागू होते." एका वेळी एकच बदल करायचा, ही त्यांची दुसरी सवय. ती आमच्या स्वयंपाकघरालाही लागू झाली. रविवारी जेवायला आले की आमटीचा भुरका मारून म्हणत, "वहिनी, आज चिंचही वाढली आणि गूळही. आता बिघडलं कशानं ते कसं कळायचं?" तुमचे आजोबा पानातून मान वर करत नसत.

दुसऱ्या वर्षी हेडसरांनी बजावलं, की गॅदरिंगला पाहुण्यांसमोर विमान उडालं नाही, तर जूनपासून संगणकाच्या खोलीत टायपिंगचा वर्ग बसेल. भावजी त्यानंतरचे दोन रविवार आमटीला काही न बोलता जेवले. मुलांचं विमान तर दर वेळी नाक वर करून मागच्या मागे पडत होतं. शेवटी चौघांतली, हरसूलहून येऊन वसतिगृहात राहणारी विमल म्हणाली, "सर, लाकडाचा भारा मागं सरकला ना, का मान बी मागं जाते. ह्याचा भारा मागं हाय." इंजिन बोटभर पुढे सरकवलं. त्या दिवशी विमान नाकावर पडलं. भावजींना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हेडसर खोलीत आले. "अहो, सीडीवर तयार विमान आहे ना? तेच उडवा की. पाहुण्यांना काय कळतंय!"

भावजींनी ते करावं, असं त्या क्षणी मलाही वाटलं. विमल म्हणाली, "पाहुण्यांना नाय कळायचं, सर. पण पंचांना कळंल ना?"

भावजींनी चष्मा पुसला. "इंजिन अर्धं बोट मागे घे," ते तिला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजींनी धूर पाहिला आणि मान हलवली. मुलांचं विमान धावलं, चाकं जमिनीवरून सुटली, नाक सरळ राहिलं. ते धावपट्टीच्या पार गेलं, चढत राहिलं, आणि वीज गेली. लोडशेडिंगला अजून अर्धा तास होता.

अंधाऱ्या पडद्याकडे पाहत हेडसर म्हणाले, "म्हणजे पडलंच शेवटी."

"पडताना कोणी पाहिलं?" भावजींनी विचारलं. कोणीच पाहिलं नव्हतं.

वीज आली तेव्हा पाहुणे चहा घेऊन गेले होते. मुलं म्हणाली, परत उडवू. भावजी म्हणाले, "आधीचं उतरू दे."

जूनमध्ये खोलीत टायपिंगची खडखड सुरू झाली. त्या रविवारी माझ्या आमटीत मीठच नव्हतं. भावजी दोनदा वाढून घेऊन जेवले. हात धुताना म्हणाले, "वहिनी, एकच बदल झालाय. बघू काय होतं." त्यानंतर त्यांनी दुसरा वर्ग काढला नाही. आमच्या घरी आले की गच्चीवर जाऊन धूर मात्र पाहत.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. पंचनाम्यांची वही माझ्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात आहे. शेवटच्या पानावर विमलच्या अक्षरात लिहिलंय, "विमान चढत होते. पुढचे दिसले नाही." खाली आमच्या पाच सह्या आहेत. उतरल्याची नोंद नाही.