चालू राहिलेली लाइन

सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या अवधूतच्या खोलीला खिडकी नव्हती. यंत्राला धूळ चालत नाही, म्हणून माणसाला उजेड नाही. पूर्वीच्या एक्स्चेंजात दिवसभर स्विचांचा खडखडाट असे. गाव बोलतं आहे हे कानाला कळे. एक्याण्णव साली इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं आणि खोली गप्प झाली.

या यंत्राला दोन मेंदू होते. एक काम करी, दुसरा नुसता तयार राही. प्रोग्रॅम बदलायचा असला की नवा आधी रिकाम्या मेंदूत भरायचा, मग चालता कारभार त्याच्या हवाली करायचा. बोलणाऱ्यांना पत्ता लागत नसे. अवधूतला हे काम येत होतं. आवडत होतं असं म्हणवत नाही. चाळिशीपर्यंत त्याने कुणाला कशाला नाही म्हटल्याचंही आठवत नाही.

त्याचे वडील, अण्णा, पाटणला राहत. एसटीत कंडक्टर होते. स्टँडवर उभं राहून त्यांनी 'मल्हारपेठ, उंब्रज, सातारा' अशी हाळी दिली की बाकावर पेंगणारा उतारू उठून बसे. त्याच गळ्यात गाठ निघाली. कराडचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज जाईल.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. त्याच आठवड्यात प्रोग्रॅम बदलायचा होता, म्हणून अवधूतला रजा मिळाली नाही. मग असं ठरलं, की सकाळी जीपने कराडला निघण्याआधी बहीण चारुशीला अण्णांना स्टँडजवळच्या बूथवर नेईल आणि अवधूतच्या टेबलावरचा नंबर लावेल. तिच्याजवळ तेवढा एकच नंबर होता.

"चार शब्द बोलून घे दादा," ती म्हणाली होती. "पुन्यांदा ऐकाय मिळायचं न्हाई."

प्रोग्रॅमचं काम त्याच दिवशी दुपारी होतं. पण मंगळवारी सकाळीच पुण्याचे साहेब हजर झाले. "दुपारी विजेचा भरवसा नाही. आत्ताच उरकू."

"बरं," अवधूत म्हणाला.

अशा कामात एक रिवाज होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बोलणं चालू ठेवायचं. ते तुटलं नाही तर कुणाचंच तुटलं नाही असं धरायचं. अवधूत ते नेहमी सातारा एक्स्चेंजच्या मानसिंगशी बोले, आपल्या टेबलावरूनच. खोलीत आणखी दोन फोन होते. सवयीने हात याच फोनकडे गेला. नवा प्रोग्रॅम भरणारी टेप फिरू लागली तेव्हा त्याला कळलं, चारुशीलाचा फोन याच नंबरावर यायचा होता. आता रिसीव्हर ठेवला, तर सगळं पहिल्यापासून.

"काय अवधूतराव, बोला की," मानसिंग तिकडून म्हणाला.

"काय बोलू?"

"काय बी बोला. मी सासुरवाडीला गेलतो. लय कोंबडं कापलं, आन् ताटात आल्या निस्त्या माना. मेव्हणा म्हणतोय, दाजींना मान दिला."

"मानसिंग, जरा गप बस."

"गप बसून कसं चालंल? लाइन जिती हाय का मेली, कळाय नगं?"

अवधूत ऐकत राहिला. या घटकेला पाटणच्या बूथवर काय ऐकू येत असेल, हे त्याला ठाऊक होतं. एंगेजचा तो टोन त्याने स्वतःच कितीदा तपासला होता. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब पडद्यावर डोळे लावून होते. एक वाक्य पुरलं असतं. त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. टेप सावकाश फिरत होती. मानसिंग आता मेव्हण्याच्या मोटरसायकलीवर आला होता.

काम झाल्यावर साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "गावात कुणाला कळलंसुद्धा नाही."

अवधूतने रिसीव्हर ठेवला आणि फोनसमोर बसून राहिला. जेवायला उठला नाही. फोन वाजला तो दुपारी, कराडहून.

"किती येळा लावला दादा," चारुशीला म्हणाली. "एंगेजच. जीपवाला वरडाय लागला. अण्णा म्हनले, ऱ्हाऊ दे, कामात आसंल पोरगं."

"अण्णांना दे."

"आत नेलं त्यास्नी."

रविवारी तो कराडला गेला. अण्णा उशीला टेकून बसले होते, गळ्याभोवती पट्टी, मांडीवर पाटी. त्यांनी लिहिलं, 'फोन बिघडलावता?'

"व्हय," अवधूत म्हणाला. "बंद होता."

अण्णांनी मान हलवली.

"काय सांगायचं होतं अण्णा?"

अण्णांनी पेन्सिल उचलली, मग खाली ठेवली. सवयीने तोंड उघडलं. ओठ हलले, आणि गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली.

"लिवा की अण्णा," चारुशीला म्हणाली.

त्यांनी पाटी बाजूला सारली आणि पुन्हा तोंड उघडलं.