पार्बताबाईंचं पक्कं खुराडं

पार्बताबाई कुणाच्याही घरी गेल्या, की बसण्याआधी ओसरीचा खांब हलवून बघत. तो डगमगला तर घरधन्याच्या तोंडावर म्हणत, "खांब हाये का दातकोरणं?" त्यामुळे त्यांना बोलवायला कुणी उत्सुक नसे. गडचिरोलीच्या जंगलाला टेकलेल्या आमच्या गावात त्या माझ्या शेजारी राहत. नवरा गेलेला, लेक घुग्घुसला दिलेली. घरात बोलायला होत्या त्या गावरान कोंबड्या. त्यांच्याशी मात्र त्या गोड बोलत.

एका पावसाळ्यात रात्री बिबट्याने खुराड्याच्या छपरावरची मातीची कवेलू सरकवली आणि तो वरून आत उतरला. सकाळी मी गेले तेव्हा पार्बताबाई पिसांत बसल्या होत्या. मी बिबट्याला शिव्या दिल्या तर माझ्यावरच उखडल्या. "त्याले काऊन बोलतं? त्याले पोट हाये. छत कच्चं म्या ठेवलं."

पाऊस सरल्यावर आम्ही दोघींनी नवे खुराडे उभारले. बल्लारपूरच्या भंगारातून आणलेले लोखंडी पाइप खोल पुरले. चहूबाजूंनी जाड जाळी ठोकली आणि मुंगसाने उकरू नये म्हणून तिचा खालचा काठ दगडांखाली गाडला. कोंबड्यांना हिंडायला अंगणाचा तुकडाही जाळीच्या आत घेतला. वर पुन्हा जाळी, तिच्यावर पत्र्याच्या उतरत्या टिना, तारेने करकचून आवळलेल्या. काम संपले तशा पार्बताबाई शिडी लावून छतावर चढल्या आणि पाय आपटून बघितले. "आता ये म्हणा पाव्हण्याले!"

पाहुणा आला. सकाळी टिनांवर ओरखडे होते आणि आत नव्याने आणलेल्या सगळ्या कोंबड्या सुखरूप. त्या दिवशी त्यांनी आळीत अंडी वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या एका पोल्ट्रीत रोग निघाला. पांढरे पोशाख चढवलेली माणसे गावात आली. आजारी असो वा नसो, गावातली प्रत्येक कोंबडी मारायची होती. लोकांच्या कोंबड्या मोकळ्या. पाठलाग सुरू होताच काही झाडांवर चढल्या, काही रानात पसार झाल्या. पार्बताबाईंच्या एकूणएक जाळीत होत्या.

"माह्या धडधाकट हायेत, साहेब. पाहा ना."

"कळतंय, आजी. पण वरून आदेश आहे," त्यांच्यातला तरुण डॉक्टर खाली बघत म्हणाला.

कडी त्यांनी स्वतःच काढली. कोंबड्यांना वाटले, दाणे आले. त्या धावत त्यांच्या पायांशी आल्या.

माणसे गेल्यावर रानात पळालेल्या कोंबड्या एकेक करून परतल्या. शेजारचा कोंबडा आरवला, की पार्बताबाई उठून घरात जात. नव्या कोंबड्या आणण्यावरची बंदी उठल्यावर मी पिल्लांची जोडी घेऊन गेले. त्यांनी हातही लावला नाही. "पोरी, वाघ वरून येते, मुंगूस खालून येते. कडी काढ म्हणत येते, त्याचं काय करू?"

त्या थंडीत त्या गेल्या. त्याआधीच्या पावसातले एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. झड लागली होती आणि गावातल्या कोंबड्या त्या रिकाम्या खुराड्यात आडोशाला शिरल्या होत्या. पार्बताबाई काठी घेऊन धावत आल्या आणि एकेकीला बाहेर हाकलू लागल्या. "निघा! पळा इथून!"

"अहो, भिजतील ना त्या!" मी ओरडले.

"भिजू दे," त्या म्हणाल्या. "भिजलेली कोंबडी सुकते."