सरकार नको म्हणणारे रामोजीराव

रामोजीरावांचा एक किस्सा सांगायला घेतला, की मागून तीन येतात. तंजावरजवळच्या कुंभकोणमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे. पन्नासच्या दशकात सगळा देश नव्या सरकारात रमलेला, आणि आमच्या मराठी मंडळींत हे एकटे रोज संध्याकाळी कावेरीच्या घाटावर सांगायचे, की सरकार ही चीजच नको. माणसं आपसांत ठरवून सगळं चालवतील. याला अराज्यवाद म्हणतात, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. विषय निघाला की ते उभेच राहायचे!

०

घरी आपल्या आईलाही पटवायला गेले. आई वेताच्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"सरकार? ते तंजावरचे राजे गेले तेव्हाच गेलं की रे. तुला कोणी सांगितलं नाही?"

०

मग त्यांनी आमच्या छोट्या वाचनालयाचे नियम रद्द केले. पेपर ज्यानं त्यानं वाचून आपणहून पुढे द्यायचा. आठवडाभर पेपर भीमरावांच्या पुढे सरकलाच नाही. माणूस बदलायला वेळ लागतो, असं रामोजीराव म्हणाले.

"मग तोवर घरीच नेत जाऊ का?" भीमरावांनी विचारलं.

०

हे भीमराव रिटायर्ड पोलीस इन्स्पेक्टर. पोलीस नसले तर चोरांचं काय, हा त्यांचा हुकमी सवाल. एकदा रामोजीरावांनी उलट विचारलं, तुम्ही स्वतः असे किती चोर पकडलेत? भीमराव सच्चा माणूस.

"मी पोचायचो, तेव्हा गल्लीतल्यांनी त्याला खांबाला बांधलेलंच असायचं."

रामोजीरावांनी त्यांना मिठीच मारली!

०

आणि हा शेवटचा. एका साली पावसात इन्नंबूर गावाजवळ कालव्याचा बांध फुटला. शेतातलं कोवळं भात बुडायला लागलं. कळलं तसे आम्ही बस पकडून धावलो. गावकरी रांग करून चिखलाच्या टोपल्या पुढे देत होते, त्यात घुसलो. भीमराव केळीचे खांब ओढत होते. रामोजीराव कंबरभर पाण्यात, भगदाडाच्या तोंडाशी, जन्मात पहिल्यांदा गप्प.

भगदाड बुजत आलं, तेव्हा जीपमधून एक तरुण अधिकारी उतरला. इस्त्रीचे कपडे, पायात बूट. त्यानं तमिळमध्ये विचारलं, "इथं हुकूम कोणाचा चालतो?"

आमचे हात थांबले. हाच तो प्रश्न! आता व्याख्यान होणार.

रामोजीरावांनी मान वळवून साहेबाकडे पाहिलं.

"टोपली धरा," ते म्हणाले.

साहेबानं धरली.